बेबी स्टार की चिकन रामेन?

टोकियोत शिकणाऱ्या भाचीचा प्रश्न: बेबी स्टार हा नूडल्सचा कुरकुरीत खाऊ आणि चिकन रामेन या झटपट नूडल्स; नुसतं कोरडं खायला दोन्हींतलं काय घेऊ?

चवीत चिकन रामेन पुढे. १९५८ पासूनच्या या नूडल्स मसाल्यात मुरवून तळलेल्या असतात, वेगळी पुडी नसते. कोरड्या चावल्या तरी सोया-कोंबडीची चव जिभेवर रेंगाळते. खारटपणा मात्र जास्तच. बेबी स्टार १९५९ ची, कारखान्यात उरणाऱ्या नूडल्सच्या चुऱ्यातून सुचलेली. बारीक, मस्त कुरकुरीत, स्वस्त. पण पोट भरत नाही. चिकन रामेनच्या मधल्या खळग्यात अंडं फोडा, उकळतं पाणी ओता, तीन मिनिटांत जेवण तयार. शाकाहारी मैत्रिणींना दोन्ही चालणार नाहीत.

प्रवासात तोंडात टाकायला बेबी स्टारच घे. अभ्यासाच्या रात्री भूक लागते त्यासाठी खोलीत चिकन रामेन ठेव.