ओढून टाकताच बंद पडणारे अल्बम सॉफ्टवेअर: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

परभणीत आमचे अल्बम डिझाइनचे काम चालते. गंगाखेड, सेलू, पाथरी, जिंतूर या भागांतील छायाचित्रकार लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर आणून देतात आणि आम्ही पाने लावून ती छपाईसाठी लॅबला पाठवतो. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली पूर्ण लग्नसराई आम्ही पानमांडणीच्या एका स्वतंत्र सॉफ्टवेअरवर काढली. त्याचे नाव येथे देत नाही, कारण जो दोष मला सांगायचा आहे तो एकट्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये असेल असे मानण्याचे कारण नाही आणि तो शोधण्याची रीत विंडोजवरील बहुतेक सॉफ्टवेअरना लागू पडते.

चांगल्या बाजू आधी नोंदवतो. बारा बाय छत्तीस इंचाच्या पानावर कापणीची जागा सोडून फोटो बसवणे, मधल्या घडीत चेहरा येऊ न देणे, एकाच प्रसंगाच्या फोटोंचा रंग सारखा करणे ही कामे हे सॉफ्टवेअर झपाट्याने करते. पूर्वी हेच काम फोटोशॉपमध्ये एकेका थराने (लेयरने) करावे लागत असे. छपाईला पाठवलेल्या फाइलींच्या मापाबद्दल लॅबकडून एकही तक्रार आलेली नाही.

दोष एकच आहे, पण तो कामाच्या मर्मावर आहे. फाइल एक्सप्लोररमधून फोटो ओढून पानावर टाकला की काही वेळा सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न देता नाहीसे होते. आपोआप जतन होण्याची सोय आहे, परंतु दोन जतनांच्या मध्ये लावलेली पाने जातात. पान लावणाऱ्याचा हात दिवसभर फोटो ओढण्याचेच काम करतो. त्याला प्रत्येक फोटो मेनूतून आणायला सांगितले तर हे सॉफ्टवेअर घेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

कंपनीच्या मदत कक्षाला फोन केल्यावर पहिले उत्तर मिळाले ते असे: “भाऊ, तुमची रॅम कमी पडत असेल, वाढवून बघा.” हे उत्तर अगदीच निराधार नव्हते. बारा बाय छत्तीस इंचाचे पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय १०८०० पिक्सेलचे होते आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकच थर सुमारे १५५ एमबी जागा घेतो. असे दहा थर झाले की दीड जीबी तिथेच संपते. मात्र आमच्या संगणकांत १६ जीबी रॅम आहे, आणि मुख्य म्हणजे कोऱ्या पानावर एकच छोटा फोटो टाकतानाही सॉफ्टवेअर बंद पडत होते. शिवाय तोच फोटो ‘इम्पोर्ट’च्या बटणातून आणला तर बिनतक्रार येत होता. फोटो तोच, पान तेच, रॅम तीच आणि फरक फक्त आणण्याच्या मार्गाचा. एवढ्यावरून रॅमचा मुद्दा निकाली निघतो असे माझे मत आहे.

दुसरा सल्ला अधिक घोटाळ्यात पाडणारा निघाला. सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असे सांगण्यात आले. तसे केल्यावर बंद पडणे खरोखरच थांबले, कारण ओढून टाकणेच थांबले. माउसचा बाण सॉफ्टवेअरच्या खिडकीवर नेला की आडव्या रेघेचे मनाईचे वर्तुळ दिसत असे आणि फोटो खाली उतरतच नसे. हा विंडोजचा बिघाड नाही, बंदोबस्त आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, कमी अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या प्रोग्रामच्या खिडकीत काही ढकलता येत नाही. फाइल एक्सप्लोरर साध्या अधिकाराने चालतो, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याकडून फोटो जात नाही. त्यातच नेटवर्कवरून जोडलेला आमचा सामायिक ड्राइव्हही त्या सॉफ्टवेअरला दिसेनासा झाला. तोही याच अधिकारभेदाचा परिणाम. ज्यांच्याकडे ‘ओढले जात नाही’ अशी तक्रार आहे त्यांनी आधी हे तपासावे. ‘ओढल्यावर बंद पडते’ ही तक्रार वेगळी आहे, आणि दोहोंचे उपायही वेगवेगळे आहेत.

यानंतर आम्ही फोनवरच्या सल्ल्यांवर विसंबणे सोडून नोंदी पाहायला घेतल्या. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ या भागात गेले की बंद पडलेल्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद लाल खुणेसह सापडते. क्रमांक १००० असेल तर प्रोग्राम कोसळला आणि १००२ असेल तर तो गोठला. हा भेद महत्त्वाचा आहे. एका वेळी दोनशे-तीनशे फोटो ओढले की खिडकी पांढरी पडते आणि एक्सप्लोररही हलत नाही, कारण फोटो घेणाऱ्या प्रोग्रामचे काम पुरे होईपर्यंत देणारा प्रोग्राम थांबून राहतो. घाई करून तो ‘टास्क मॅनेजर’मधून मारू नये, आमच्याकडे थोडा वेळ थांबल्यावर सर्व फोटो व्यवस्थित उतरलेले दिसले. खरी तक्रार १००० क्रमांकाची होती.

त्या नोंदीत दोन गोष्टी पाहायच्या असतात: कोणत्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने वापरलेल्या कोणत्या फाइलमध्ये, चूक झाली आणि चुकीचा कोड काय. मॉड्यूलचे नाव दुसऱ्याच कोणत्या तरी प्रोग्रामचे असेल, तर एक्सप्लोररला जोडलेल्या एखाद्या उपऱ्या घटकावर संशय घ्यावा. असा घटक बहुधा फाइल निवडण्याच्या खिडकीतही त्रास देतो, कारण तीच खिडकी त्याला सॉफ्टवेअरच्या पोटात आणून बसवते. आमच्या नोंदींत मॉड्यूल सॉफ्टवेअरचेच होते. कोड मात्र दोन वेगवेगळे होते. काही नोंदींत ‘सी’ने सुरू होऊन पाचने संपणारा, मध्ये सगळी शून्ये असलेला कोड होता, म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली किंवा अस्तित्वातच नसलेली मेमरीतील जागा वापरायचा प्रयत्न केला होता. उरलेल्या नोंदींत ४०९ने संपणारा कोड होता, ज्याचा मूळ अर्थ ठरवून दिलेल्या जागेच्या बाहेर लिहिले गेले असा होतो. अलीकडे प्रोग्राम इतर कारणांनी स्वतःला तातडीने थांबवतो तेव्हाही तोच येतो, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण एकाच दिसणाऱ्या घटनेमागे दोन आजार आहेत, हे तेथे कळले.

पहिला आजार लवकर सापडला. मोबाइल केबलने जोडून त्याच्या खिडकीतून थेट पानावर फोटो ओढला की पाचवाला कोड येत असे. ई-मेलच्या प्रोग्राममधून जोडपत्र ओढले तरी तसेच. या दोन्ही ठिकाणी फाइलला संगणकावर पत्ताच नसतो. डिस्कवरची फाइल ओढताना एक्सप्लोरर पुढच्या प्रोग्रामला फाइलच्या पत्त्यांची यादी देतो. मोबाइलमधील फोटो ओढताना मात्र फक्त फाइलचे वर्णन आणि मजकूर मागितल्यास देण्याची तयारी एवढेच पुढे करता येते. आमच्या सॉफ्टवेअरने पत्ता मिळणारच असे गृहीत धरले होते, आणि तो नसताना रिकाम्या जागी हात घातला. उपाय सोपा आहे: फोटो आधी डिस्कवर घ्यावा आणि मग ओढावा.

दुसऱ्या, ४०९वाल्या कोडाच्या आजाराने मात्र ऐन हंगामातले कितीतरी दिवस खाल्ले, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी याच भागाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. काही छायाचित्रकारांचे फोटो कधीच त्रास देत नव्हते आणि काहींचे वारंवार देत होते. फाइलींचा प्रकार, कॅमेरा, फोटोचा आकार यांत काही साम्य निघेना. साम्य निघाले ते फोल्डरांच्या नावांत. ज्यांचे फोल्डर इंग्रजीत, त्यांचे काम सुरळीत. जे हळद, साखरपुडा, मंगलाष्टके, वरात अशी व्यवस्थित मराठी नावे देऊन फोल्डरात फोल्डर करीत, त्यांच्याच फोटोंवर सॉफ्टवेअर कोसळत होते. म्हणजे नीटनेटकेपणाची शिक्षा भोगावी लागत होती.

कारण असे. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला सामान्यतः २६० अक्षरांची मर्यादा आहे आणि अनेक जुने प्रोग्राम तेवढीच जागा राखून ठेवतात. विंडोज स्वतः ‘ल’ किंवा ‘ग’ हे एक अक्षर म्हणूनच मोजते. परंतु प्रोग्रामने पत्ता आतल्या आत यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत बदलला, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही सर्व वेगळी चिन्हे धरली जातात. ‘लग्नसमारंभ’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. रोमन लिपीत लिहिलेला तोच शब्द चौदा बाइटांत बसतो. डी ड्राइव्हवर ‘लग्नसमारंभ’, त्यात ‘गंगाखेड’, त्यात ‘मुहूर्त व मंगलाष्टके’, त्यात ‘निवडलेली छायाचित्रे’ आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेले बारा अक्षरांचे फाइलनाव असा पत्ता धरला तर विंडोजच्या हिशेबाने तो ७५ अक्षरांचा आहे, पण यूटीएफ-८मध्ये त्याचे १८१ बाइट होतात. मध्ये वधूवरांच्या पूर्ण नावांचा एक फोल्डर आला की २६०ची सीमा ओलांडली जाते. विंडोजला त्यात काहीही वावगे दिसत नाही, म्हणून एक्सप्लोररमध्ये फोटो छान उघडतो आणि सॉफ्टवेअरवर टाकताच ते कोसळते.

याची खातरजमा करायची असेल तर खास तयारी लागत नाही. चाचणीसाठी एकच फोटो घेऊन तो प्रथम डी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवावा व ओढून पाहावा. मग मराठी नावाच्या एकेका फोल्डरात आत नेत तेच करावे आणि कोसळला की त्याच खोलीवर फोल्डरांची नावे रोमन करून पुन्हा ओढावे. रोमन नावांनी चालले तर दोष लिपीच्या मोजणीत आहे. आमच्याकडे दोन्ही संगणकांवर तो तसाच निघाला.

इंटरनेटवर अशा वेळी विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमधील यूटीएफ-८ची ‘बीटा’ खूण चालू करण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो आम्ही एका संगणकावर अमलात आणला आणि लगेच मागे घेतला. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या पत्रिका आणि नावांच्या पट्ट्या त्या सेटिंगनंतर विस्कटून गेल्या. छपाईच्या धंद्यात असा जुना मजकूर सगळ्यांकडेच पडलेला असतो. त्यामुळे या वाटेला जाऊ नये.

नोंदींची छायाचित्रे आणि चाचणीचा क्रम लिहून पाठवल्यानंतर मदत कक्षाचा सूर बदलला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या तंत्रज्ञाने कोसळण्याच्या क्षणीची मेमरीची प्रत मागितली. विंडोजला ती ठेवायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, सांगावे लागते. त्यानंतर ती वापरकर्त्याच्या खात्यातील ‘क्रॅशडम्प्स’ या फोल्डरात येऊन पडते. येथे एक सावधगिरी: पूर्ण प्रत घेतली तर त्या क्षणी उघडे असलेले ग्राहकांचे फोटोही तिच्यात जाऊ शकतात. आम्ही कोऱ्या पानावर भिंतीचा एक फोटो टाकून सॉफ्टवेअर मुद्दाम पाडले आणि ती प्रत पाठवली.

पुढच्या आवृत्तीत मराठी पत्त्यांचा दोष दुरुस्त झाला आहे. मुद्दाम खोल फोल्डर करून, जोडाक्षरांनी भरलेली नावे देऊन पाहिले, फोटो उतरतो. मोबाइलमधून थेट ओढलेला फोटो अजून घेतला जात नाही, पण कोसळण्याऐवजी आता ‘आधी फाइल जतन करा’ अशी पाटी येते, आणि ती पुरेशी आहे. आपोआप जतनाचा काळ वापरणाऱ्याला ठरवता यावा ही आमची मागणी मात्र तशीच पडून आहे. म्हणून तूर्त वार्षिक वर्गणी एकाच संगणकापुरती भरली आहे. दुसऱ्यावर जुने फोटोशॉप ठेवले असून, येत्या लग्नसराईत जतनाची सोय झाली तरच तेथेही हे सॉफ्टवेअर बसवू.