ड्रम की सीडर?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०२३-२४ पासून बारावी पास व्हायला इंडिजिनस (तिथल्या मूळनिवासींच्या) विषयाचे ४ क्रेडिट कंपल्सरी झालेत, आणि अल्टरनेट हायस्कूलमध्ये (नेहमीच्या शाळेत न रमणाऱ्या पोरांसाठीची शाळा) या विषयात हाताने करायचे दोन प्रकार बघायला मिळतात, हॅन्ड ड्रम (हातात धरून वाजवायचा चपटा ड्रम) आणि सीडर या झाडाच्या सालीचं विणकाम.

ड्रम झटपट होतो. हरणाचं कातडं रात्रभर भिजवायचं (वास येतो, नाक मुरडू नका), लाकडी रिंगवर ताणायचं आणि मागून वादीने आवळायचं, फार ओढलं तर सुकताना आक्रसून रिंग वाकडी होते. मग काही दिवस वाळेपर्यंत वाजवायचा नाही, पोरांना तेवढंच जड जातं.

सीडरचं काम मात्र निवांत. वसंताच्या शेवटी झाडात रस चढला की बुंध्याशी छोटी खाच पाडून साल वर सोलत न्यायची, आधी झाडाचे आभार, आणि घ्यायची एकच पट्टी म्हणजे झाड जगतं. आतली साल कित्येक महिने वाळवून विणायच्या आधी परत भिजवतात, म्हणून वर्गात बहुतेक वेळा आदल्या वर्षीचा स्टॉकच वापरतात.

एका जागी न बसणाऱ्या पोराला ड्रमच द्या. पण जंगलात न्यायची सोय असेल तर माझं मत सीडरला, फक्त शिकवायला तिथल्याच नेशनचे (मूळनिवासी समाजाचे) जाणते हवेत, नाहीतर नुसता क्राफ्टचा तास होतो.