काचेच्या बिल्ल्याची पाठ वाचायची असेल तर याब्लोनेत्स गाठा

जुन्या मोटारीच्या नाकावरचा काचेचा बिल्ला हाती आला आणि तो कुठला हे शोधायचं असेल, तर मोटारींच्या संग्रहालयात नंतर जा. आधी चेक प्रजासत्ताकात, उत्तर बोहेमियातल्या याब्लोनेत्स नाद निसोऊ या गावी जा, तिथल्या काच आणि दागिने संग्रहालयात. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि का ते सविस्तर सांगते.

माझा बिल्ला साधारण सात सेंटिमीटर व्यासाचा, पुढून किंचित फुगीर. स्वच्छ काचेत पंख लावलेलं चाक दिसतं, पण बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही, कारण नक्षी मागच्या बाजूने खोल दाबलेली आहे. त्या खोलगटात लाल रंग भरलाय आणि त्यामागे चांदीचा लेप, म्हणून उजेड पडला की चाक काचेत तरंगल्यासारखं वाटतं. भोवती धातूची कडी, मागे एक बोल्ट. प्रागमधल्या एका विक्रेत्याने त्यावर चिठ्ठी लावली होती: 'ऑटोक्लबचा अधिकृत सदस्य-बिल्ला'. किंमत 3,200 कोरुना. चिठ्ठी मला तेव्हाही पटली नव्हती. चेक मोटारवाल्यांचा क्लब 1904 साली प्रागमध्ये निघाला आणि प्रजासत्ताक आल्यावर तो चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाचा ऑटोक्लब झाला. असल्या क्लबचा बिल्ला म्हटलं की धातूवर मीनाकारी आणि क्लबची आद्याक्षरं हवीत. माझ्या बिल्ल्यावर एकही अक्षर नव्हतं, निदान पुढून तरी. पण काच इतकी देखणी होती की घेतलाच.

स्कोडा मोटारींच्या म्लादा बोलेस्लाव गावाहून तुर्नोवमार्गे याब्लोनेत्स फार लांब नाही. गाव यिझेरा डोंगरांच्या पायथ्याशी आहे आणि काचेवरच वाढलंय. जर्मन भाषिक त्याला गाब्लोन्झ म्हणत. संग्रहालय 1904 पासूनचं, आणि ते ज्या इमारतीत आहे ती त्सिमर आणि श्मिट या निर्यात करणाऱ्या पेढीची जुनी वास्तू. शेजारी 2020 साली काचेच्या स्फटिकाच्या आकाराचं नवं दालन उभं राहिलं. तिथे नाताळच्या झाडावरची काचेची लेणी आहेत. ती बघताना वेळेचं भान राहत नाही, पण बिल्ल्याच्या शोधात आलेल्याने पाय जुन्या इमारतीकडे वळवावेत.

कारण खरी किल्ली तिथे आहे: नमुन्यांची कार्डं. पुठ्ठ्यावर ओळीने शिवलेली बटणं, मणी, खडे, आणि प्रत्येकाखाली आकडा. गिऱ्हाईक आकडा सांगायचं आणि पेढी माल घडवून घ्यायची. ती कार्डं बघितली की या भागातला धंदा कसा चालायचा ते उमगतं. काचेच्या रंगीत कांड्या एका भट्टीतून यायच्या. दाबकाम दुसऱ्या गावातल्या छोट्या शेडमध्ये. साचा कोरणारा तिसराच. रंग भरणं, लेप देणं, कडीत बसवणं हे अनेकदा घरोघरी. आणि माल ज्याच्या नावाने बोटीवर चढायचा त्या निर्यातदाराने काचेला हातही लावलेला नसायचा. 'हा कुणी बनवला' या प्रश्नाला इथे एक नाव उत्तर म्हणून येतच नाही. बिल्ल्याच्या पुढच्या चित्रावरून क्लब शोधत बसणारे संग्राहक वर्षानुवर्षं अडकतात ते म्हणूनच, असं माझं मत. पाठ वाचायला हवी.

दाबकामाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळा पुरावा त्यातूनच निघतो. कारागीर कांडीचं टोक भट्टीत धरून मऊ करतो, मग लांब दांड्यांच्या चिमट्यात ते पकडतो. चिमट्याच्या दोन जबड्यांवर साच्याची दोन अर्धुकं बसवलेली असतात. एक दाब, आणि नक्षी उमटली. दोन अर्धुकांच्या मधून काच पातळ पापुद्र्यासारखी बाहेर येते. गार झाल्यावर तो पापुद्रा तोडतात आणि कड घासतात. माझ्या बिल्ल्याची कडी सोडवून दहापट भिंगाखाली काचेची कड बघितली, तर घासल्याच्या बारीक तिरक्या रेघा आणि एका जागी सुटून गेलेला शिवणीचा, म्हणजे दोन अर्धुकांच्या सांध्याच्या रेघेचा, अंश. म्हणजे ओतकाम नाही, कोरकाम नाही, दाबकाम. याच डोंगरातली रीत.

आणि कडीखाली दडलेला, आम्लाने उमटवलेला अंडाकृती शिक्का: इंग्रजीत, 'चेकोस्लोव्हाकियात बनवलेले'. या एका ओळीने विक्रेत्याची चिठ्ठी निकालात निघाली. प्रागच्या सदस्यासाठी इंग्रजी शिक्का कोण मारेल? हा परदेशी जाणारा माल. देशाचं नाव आहे म्हणजे 1918 च्या आधीचा नाही. ब्रिटनमध्ये 1926 च्या कायद्याने आयात मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती करता येऊ लागली, तेही ध्यानात ठेवण्यासारखं.

पुढचं माझ्या रोजच्या कामातलं. कडीवरचा मुलामा निकेलचा आहे, किंचित पिवळसर उबदार छटेचा. क्रोमची झाक निळसर असते, आणि मोटारींवर क्रोम 1920 च्या दशकाच्या शेवटी पसरू लागलं, म्हणून कडी बहुधा त्याआधीची. बोल्टची जाडी व्हर्नियर मापकाने मोजली: 6.35 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. आटे मोजायचा थ्रेड गेज लावला: इंचाला सव्वीस आटे. सहा मिलिमीटरचं नट त्यावर चढतच नाही. हे आटे ब्रिटिश. काच बोहेमियाची, धातू विलायतेचा! हे जोडकाम अपवादात्मक नव्हतं. ब्रिटनमध्ये 'रेड-अ‍ॅशे' नावाने विकली जाणारी मोटारींची काचेची मस्कॉटं, म्हणजे नाकावर बसवायच्या शोभेच्या मूर्ती, चेकोस्लोव्हाकियातच घडत. फ्रान्समध्ये काचकार लालिक यांनी 1925 साली सित्रोएन या मोटार कंपनीसाठी पाच घोड्यांचं मस्कॉट केलं आणि काचेच्या शोभेची हौस मोटारवाल्यांना लागली. याब्लोनेत्सच्या पेढ्या अशी हौस ओळखण्यात तरबेज. लालिकच्या कामावर सही असते, आणि किंमत त्या सहीची असते. बिनसहीची बोहेमियन काच मला कारागिरीत कुठेही उणी वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी. अतिनील टॉर्चखाली काच हिरवी चमकली म्हणून ती जुनी ठरत नाही. युरेनियमची काच चेक भट्ट्यांत आजही बनते आणि जुने साचे जवळच्या देस्ना गावाच्या परिसरात पुन्हा वापरले जातात. दुसरं, शिक्का नसेल तर जर्मनीतला बव्हेरियाही मनात धरा. 1945 नंतर इथल्या जर्मन रहिवाशांची हकालपट्टी झाली, आणि त्यांनी काउफबॉयरेनला नॉयगाब्लोन्झ वसवून तोच धंदा पुन्हा सुरू केला. हात तेच, गाव वेगळं.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. बिल्ला बरोबर नेण्यापेक्षा कड, शिवण, शिक्का आणि बोल्ट यांचे जवळून फोटो काढून न्या, म्हणजे कार्डांपुढे उभं राहून शांतपणे ताडून बघता येतं. मोटारींसाठी मग प्रागच्या राष्ट्रीय तंत्र संग्रहालयाच्या वाहन दालनात जा, 1898 ची 'प्रेसिडेंट' ही मोटार तिथे आहे. माझ्या बिल्ल्याच्या डबीवर आता नवी चिठ्ठी आहे: दाबीव काच, याब्लोनेत्स परिसर, जडण ब्रिटन, 1920 च्या दशकाचा उत्तरार्ध.