जास्त राखेच्या कोळशासाठी कोणतं मॉडेल: समतोलाचं, कायनेटिक की सीएफडी?

फ्लुइडाइज्ड बेड गॅसिफायरचं, म्हणजे खालून येणाऱ्या वायूनं कोळशाचे कण उचलून धरत त्यांचा इंधनवायू करणाऱ्या भट्टीचं, मॉडेल करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ॲस्पेन प्लस या सॉफ्टवेअरमध्ये आरगिब्ज, म्हणजे रासायनिक समतोल काढणारा तयार ब्लॉक, टाकून भागेल का? आपल्या जास्त राखेच्या कोळशापुरतं उत्तर राखेत दडलेलं आहे, म्हणून आधी तिथंच बघू.

समजा, बाहेर पडणाऱ्या राखेत १० टक्के कार्बन तसाच राहिला. १०० किलो कोळशात राख १० किलो असेल, तर जेमतेम १.१ किलो कार्बन वाया जातो. राख ४० किलो असेल, तर जवळपास साडेचार किलो. अशा कोळशात मुळात कार्बन धरा ४० किलो, म्हणजे अकरा टक्के हातचे गेले. प्रकल्प परवडतो की नाही, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं.

नेमकं हेच आरगिब्जला दिसत नाही. ते गिब्ज ऊर्जा कमीत कमी करून वायूचं मिश्रण काढतं. कण किती मोठा, बेडमध्ये किती वेळ राहिला, याचा त्यात हिशेबच नाही. पुरेसा ऑक्सिजन आणि वाफ दिली की सगळा कार्बन संपलेला दिसतो. अनेक जण थोडा कार्बन बाजूला वळवून उत्तर जुळवतात. चालतं, पण तो आकडा मॉडेलनं दिलेला नसतो, आपणच घातलेला असतो, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायलाच हवं. मिथेनचंही तेच. ९५० अंशांला, वातावरणाच्या दाबाला मॉडेल तो जवळपास शून्य दाखवतं. प्रत्यक्षात कोळसा तापताना सुटलेला मिथेन वायूत टिकून राहतो. डांबराचा तर पत्ताच नसतो.

तरीही सुरुवात इथूनच करा. ऑक्सिजन आणि वाफेचं प्रमाण, उष्णतेचा ताळेबंद, कोल्ड गॅस एफिशियन्सीची (कोळशातली किती ऊर्जा वायूत उतरली, त्या प्रमाणाची) वरची मर्यादा हे सगळं एका दुपारी हाती येतं. फक्त आरयील्डमधून (कोळशाचे मूळ घटक सुटे करणाऱ्या आधीच्या ब्लॉकमधून) निघणारा उष्णतेचा प्रवाह आरगिब्जला जोडायला विसरू नका. तो सुटला की तापमान साफ चुकतं आणि चूक शोधण्यात दिवस जातो. ॲस्पेनचं लायसन्स नसेल तर तशाच कामाचं डीडब्ल्यूसिम मोफत आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

एन्ट्रेन्ड फ्लो गॅसिफायर (कोळशाची पूड वायूच्या झोतात जाळणारा) असेल, तर १,४०० अंशांच्या वर समतोलाचं उत्तर वास्तवाच्या बरंच जवळ जातं. पण त्यात राख वितळून वाहून जावी लागते, आणि आपली राख सहज वितळत नाही. ओडिशातल्या तालचेरच्या खत प्रकल्पात कोळशात पेटकोक (तेल शुद्धीकरणातून उरणारा, अगदी कमी राखेचा कोक) मिसळायची योजना आहे, तर भेल या सरकारी कंपनीनं हैदराबादला जास्त राखेच्या कोळशासाठी फ्लुइडाइज्ड बेडची वाट धरली.

त्या वाटेवर कायनेटिक, म्हणजे अभिक्रियांचा वेग धरणारं, मॉडेलच हवं, असं माझं ठाम मत आहे. कार्बन किती उरला, कण बारीक केला तर काय, बेडची उंची वाढवली तर काय, याचं उत्तर तेच देतं. त्याची किंमतही आहे: ‘चार’च्या (char, कोळशातला वायू निघून गेल्यावर उरणाऱ्या घन भागाच्या) अभिक्रियेचा वेग कोळशागणिक कितीतरी पटींनी बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरातले स्थिरांक उचलून भागत नाही. आपल्याच खाणीच्या कोळशाचा ‘चार’ टीजीएवर (तापवताना वजन किती घटतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) घाला. ‘चार’ सावकाश तापवून केला तर तो बहुधा मंद निघतो, म्हणून तो गॅसिफायरसारखा झटपट तापवून बनवा.

सीएफडी, म्हणजे बेडमधला वायू आणि कणांचा प्रवाह संगणकावर सोडवणं, तिसऱ्या नंबरावर. त्यासाठीचं एमफिक्स सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण एकेका रनला दिवसच्या दिवस लागतात. वितरक जाळीची (बेडच्या तळाशी वायू सारखा पसरवणाऱ्या जाळीची) रचना बदलायची असेल किंवा बेडमध्ये राखेचे गठ्ठे कुठे होतात हे शोधायचं असेल, तरच त्यात उतरा.