सोटो की फ्रीड? एका यांकीज फॅनचं मत

जर्सीतला एक मित्र विचारत होता, बेसबॉलमध्ये एवढा पैसा हिटरवर (बॅटिंग करणाऱ्यावर) घालावा की पिचरवर (बॉल टाकणाऱ्यावर). उदाहरण आपल्याच टीमचं, न्यूयॉर्क यांकीजचं घेऊ. २०२४ नंतर आपला हिटर हुआन सोटो न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमकडे, मेट्सकडे गेला, १५ वर्षं ७६५ मिलियन डॉलर, आणि आपण पिचर मॅक्स फ्रीडला घेतलं, ८ वर्षं २१८ मिलियन. स्वस्तात पडण्यात फ्रीड सरळ जिंकतो, बोलायलाच नको.

पण रोजच्या उपयोगाचं काय? सोटो जवळजवळ रोज खेळतो, २०२५ मध्ये १६० मॅचेस, ४३ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे फटके), वर वॉक (चार खराब बॉल सोडून फुकटात मिळणारा पहिला बेस) घेऊन पिचरला दमवतो ते वेगळंच. फ्रीड पाच-सहा दिवसांतून एकदा येतो, पण आला की १९ विजय, २.८६ ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरमुळे गेलेले रन, कमी तेवढं चांगलं), आणि बुलपेनला, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरना आराम. बुलपेन किती महत्त्वाचं ते बघा: २०२४ मध्ये आपल्या बुलपेनमधल्या क्ले होम्सने १३ सेव्ह घालवले (म्हणजे हातातली आघाडी गमावली) तेव्हा आपला मोठा हिटर अॅरन जज कितीही मारू दे, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला पोटात गोळा यायचाच!

टिकण्याच्या बाबतीत मात्र पिचर म्हणजे जुगार. आपला पिचर गेरिट कोलचं कोपर गेलं, २०२५ चा आख्खा सीझन बाहेर. हिटरचा हात इतका लवकर जात नाही.

आणि सोटो असूनही मेट्स २०२५ ला प्लेऑफला गेलेच नाहीत, कारण पिचिंगची वाट लागली (थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू).

तर लाइनअपमध्ये (बॅटिंगच्या फळीत) जजसारखा कोणी आधीच असेल तर पिचर घ्या, आणि रोटेशन (आळीपाळीने मॅच सुरू करणारे पिचर) बरं असून रनच होत नसतील तर सोटोसारखा, पण मालकाचा खिसा तेवढा खोल पाहिजे.