रॉयर आर-१२१: हळुवार गायकीसाठी आठ महिने वापरल्यावर

कानाशी येऊन गुणगुणल्यासारखं गाणाऱ्याला हा रिबन माइक लगेच आवडतो. पण सोबत चांगला प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) नसेल तर घेऊ नका.

१९२५ला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि मुद्रणयंत्राच्या भोंग्यात ओरडायची गरज संपली. पुढच्या दशकात बिंग क्रॉस्बीसारखे क्रूनर (माइकजवळ हळुवार गाणारे गायक) रेडिओवर गायले ते बहुतेक रिबन माइकपुढेच. ही गायकी इतकी जवळची वाटायची की १९३२ला बॉस्टनच्या कार्डिनलनी तिला जाहीर नावं ठेवली. आर-१२१ आला १९९८ला. तो त्या जुन्या माइकांपेक्षा आकाराने बराच लहान आहे, वजन पाव किलोच्या आसपास, पण आतलं तत्त्व तेच: चुंबकाच्या फटीत ताणलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, जाडी अडीच मायक्रॉन.

सगळा खेळ अंतराचा आहे. आठ आकड्याच्या पॅटर्नमुळे (माइक पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी नाही) जवळ गेलं की खर्ज झपाट्याने फुगतो. ८ सेंटिमीटरवर आवाज माठात तोंड घालून गायल्यासारखा येतो, ४० वर पातळ पडतो. हळू गळ्याला २० ते २५ सेंटिमीटर बरोबर बसतं. कडव्यात एखादा स्वर जोरात लागणार असेल तर मान वळवू नका, धड मागे न्या. मान वळली की स्वराचा पोतच बदलतो.

‘स’ आणि ‘च’ टोचत नाहीत, डी-एसर (‘स’ची टोच कमी करणारं साधन) जवळजवळ लागत नाही. ‘भ’ आणि ‘फ’ मात्र घात करतात. ‘भेट’मधला झोत थेट पट्टीवर बसला तर नुसता ठप्प आवाज येऊन थांबत नाही, पट्टी ताणली जाते आणि माइक कायमचा मंद होऊ शकतो. माइक नाकाच्या उंचीवर, किंचित खाली झुकवून लावा. पॉप फिल्टर (तोंडाचा झोत अडवणारा पडदा) माइकच्या जाळीपासून चार बोटं पुढे ठेवा.

एक गोष्ट बरेच जण करून बघत नाहीत. तीन फुटांच्या आत मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उजळ वाजते. गळा घोगरा असेल तर माइक उलटा फिरवून गा. दुसरा माइकही चालू असेल तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटायला विसरू नका, नाहीतर खर्ज गायब.

गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, ५५ ते ६५ डीबी (डेसिबल) लागतो. स्वस्त इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) तिथे पोचेपर्यंत सूं ऐकू येते आणि मंद आलापात ती लपत नाही. प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १५०० ओहमच्या वर हवा. २० ते २५ डीबीचा इनलाइन बूस्टर (केबलच्या मध्येच जोडायचा छोटा अँप) हा स्वस्तातला उपाय. त्याला फँटम (माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज) लागतं, पण तो ते माइककडे जाऊ देत नाही. फँटम थेट माइकला देऊ नका: केबल धड असेल तर सहसा काही होत नाही, पण एखादी तार तुटलेली वा शॉर्ट असेल तर पट्टी जाते. पॅचबे (केबली जोडा-बदलायची फळी) असेल तर दुप्पट सावध.

माइकची दोन्ही अंगं जवळजवळ बहिरी आहेत, याचा फायदा घ्या. पेटीवाल्याला बरोबर बाजूला, ९० अंशांवर बसवलं तर भावगीत एकत्र बसून रेकॉर्ड करता येतं. पेटी गळ्यात फारशी मिसळत नाही. पंखाही त्याच रेषेत. मागची बाजू मात्र समोरच्याइतकीच ऐकते. भिंत जवळ असेल तर तिथे जाड गोधडी टांगा, नाहीतर खोली डब्यासारखी वाजते.

मिक्समध्ये ८० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर), २०० च्या आसपास २-३ डीबी कमी, १० किलोहर्ट्झच्या वर ३-४ डीबी शेल्फ, म्हणजे वरचा सगळा भाग उचलणं. रिबन ही वरची उचल कर्कश न होता सोसतो. स्वस्त कंडेन्सर माइकवर असं केलं की कान फाटतात. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) २:१, अटॅक (दाबायला लागायचा वेळ) ३० मिलिसेकंद. पण त्याआधी ओळीओळीचा व्हॉल्यूम हाताने सारखा करा. कॉम्प्रेसरवर सगळं सोडलं की श्वास शब्दांपेक्षा मोठे होतात.

काम झालं की माइक उभा ठेवा आणि वर कापडी पिशवी चढवा. आडवा ठेवल्यास पट्टी हळूहळू लोंबते. खोलीत झाडू मारताना तो उघडा नको. लोखंडाचा बारीक कीस चुंबकाकडे खेचला जातो.