गोल्फच्या अलाइनमेंट स्टिक्स: स्लाइस जात असेल तर नवीन ड्रायव्हर क्लबच्या आधी ह्या घ्या

गोल्फमध्ये चांगला स्विंग शोधायचं वेड ज्याला लागलंय त्याला माहितीये की रोज कुणीतरी नवीन सांगतं, डोकं हलवू नका, कोपर चिकटवा, कंबर आधी फिरवा, आणि आपण सगळं करून बघतो तरी बॉल उजवीकडेच वळतो, म्हणजे स्लाइस होतो. माझा शोध अजून चालूच आहे पण आत्तापर्यंत घेतलेल्या सगळ्या सामानात खरा उपयोग झाला तो या दोन फायबरग्लासच्या काठ्यांचा. साधारण चार फूट लांबी, बॅगेत क्लबांच्या मधेच मावतात, आणि किंमत कोचच्या एका लेसनपेक्षा कमी.

आधी स्लाइस का होतो ते सांगतो म्हणजे काठी नक्की काय करते ते कळेल. बॉल आणि क्लबचा संपर्क साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो, तेवढ्यात क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) जिकडे बघत असेल मुख्यतः तिकडे बॉल निघतो, आणि क्लब ज्या मार्गाने येतोय त्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे फिरलेला असेल तर बॉल उजवीकडे वळतो (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं बोलतोय). आता रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बघा, स्लाइसवाला माणूस बॉल उजवीकडे जातो म्हणून पाय अजून डावीकडे लावतो, मग क्लब अजून बाहेरून आत कापत येतो, फेस मात्र टार्गेटकडेच असतो, म्हणजे दोघांतला फरक वाढला आणि स्लाइसही वाढला!! हे कुणी ओरडून सांगून कळत नाही, जमिनीवर काठी ठेवली की लगेच दिसतं.

एक काठी बॉलच्या पलीकडे टार्गेटच्या रेषेत आणि दुसरी पायाच्या बोटांपाशी तिला समांतर, बास. पाय टार्गेटकडे नाही तर त्याच्या किंचित डावीकडे समांतर जायला हवेत, हे इथे डोळ्यांना पटतं. आडवे क्लब ठेवूनही हे होतं, मान्य, पण क्लब जमिनीत रोवता येत नाही. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला ड्रिल तोच आहे, बॉलच्या दोनेक फूट मागे, टार्गेट लाइनच्या जरा बाहेर काठी तिरकी रोवायची, क्लबच्या दांड्याच्या कोनात. वरून-बाहेरून आलात तर काठीला लागणार, आतून आलात तर खालून निघून जाल. काठीवर फोमची नळी घालाच, नाहीतर मनगटाला झटका बसतो. चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) काठी ग्रिपला लावून धरा, मनगट वाकलं की डाव्या बरगडीला टोचते, याहून स्पष्ट उत्तर कुठला व्हिडिओ देत नाही.

तक्रारी पण आहेत. मॅटवाल्या रेंजवर रोवता येत नाही, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची जमीन इतकी कडक असते की टोक आत जातच नाही. आणि जुनी काठी सोलवटली की फायबरचे बारीक कुसळ हातात घुसतात, तेव्हा तशी दिसली की सरळ फेकून द्या. घडीच्या येतात त्या घेऊ नका, सांध्यापाशी ढिल्या होतात, अखंड घ्या.

काठी स्विंग सुंदर करत नाही हेही सांगतो, आणि ते गरजेचंही नाही. अमेरिकन व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग वर जाताना केवढा मोठा लूप घेतो, तरी त्याने 2016 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिप स्पर्धेत एक अख्खा राउंड फक्त 58 फटक्यांत संपवला, कारण बॉलपाशी येताना क्लब बरोबर जागी असतो. मला तेवढंच हवंय.

आणि हो, स्पर्धेच्या राउंडमध्ये काठी जमिनीवर ठेवून नेम धरलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन स्ट्रोकची पेनल्टी आहे. बॅगेत असली तर हरकत नाही, पण पहिल्या टीवर, म्हणजे राउंड सुरू होतो तिथे, गेल्यावर तिला हात लावू नका.